अलीपूरच्या बागेत पाहुणा कोण?

कोलकात्यात खिदिरपूरहून पश्चिमेकडे निघाले की गोदीच्या लांबलचक भिंती मागे पडतात आणि मटियाबुर्ज लागते. अवधचे राज्य इंग्रजांनी १८५६ मध्ये खालसा केले. त्यानंतर नवाब वाजिद अली शाह इथे येऊन राहिले आणि हुगळीच्या काठावर त्यांनी दुसरे लखनौ वसवले. त्या वसाहतीत त्यांचे स्वतःचे प्राणिसंग्रहालय होते. तिथे वाघ होते, हजारो कबुतरे होती, माशांचे हौद होते आणि सापांसाठी मुद्दाम रचलेली एक टेकडीही होती. उर्दू लेखक अब्दुल हलीम शरर यांचे लहानपण याच मटियाबुर्जमध्ये गेले. पुढे लखनवी संस्कृतीवर लिहिताना त्यांनी या संग्रहालयाचे वर्णन केले आहे. त्यात प्राण्यांची यादी आहेच, पण माणसांचीही मोजदाद आहे. प्राण्यांच्या देखभालीला आठशेहून अधिक नोकर होते. शिवाय कबुतरांसाठी सुमारे तीनशे, माशांसाठी ऐंशी आणि सापांसाठी तीस-चाळीस माणसे होती.

नवाबांची हौस अफाट होती, त्यांचे कर्जही तसेच होते. १८८७ मध्ये ते वारले आणि सारा पसारा विकला गेला. पण शररांना प्राण्यांइतकीच माणसेही मोजावीशी वाटली, हे महत्त्वाचे आहे. लोकांना दाखवायची जागा पिंजऱ्यांवर, पाळण्यांवर किंवा कारंज्यांवर चालत नाही. ती पाणी भरणाऱ्या, झाडू मारणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या आणि लक्ष ठेवणाऱ्या माणसांवर चालते. माणसे कमी झाली की आधी कोपरे घाण होतात, मग स्वच्छतागृहे, मग रस्ते. अखेरीस पाहायला आलेल्या माणसाशी बोलण्याची रीतही बिघडते.

खिदिरपूरच्या दुसऱ्या अंगाला, चालत जाण्याच्या अंतरावर, अलीपूरचे प्राणिउद्यान आहे. १ जानेवारी १८७६ रोजी तेव्हाचे प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सर रिचर्ड टेंपल त्या वेळी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. पुढच्याच वर्षी ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर म्हणून आले, त्यामुळे महाराष्ट्रालाही त्यांचे नाव अनोळखी नाही. कार्ल लुई श्वेंडलर या जर्मन तारतज्ज्ञाने स्वतःजवळचे प्राणी या बागेला दिले. सुमारे साडेसेहेचाळीस एकरांच्या या बागेला आता दीडशे वर्षे झाली आहेत. रॉबर्ट क्लाइव्हच्या काळापासूनचे मानले जाणारे ‘अद्वैत’ हे महाकाय कासव २००६ मध्ये इथेच मेले.

या बागेचा खरा कर्ता पुरुष मात्र रामब्रह्म सान्याल. दृष्टी अधू झाल्यामुळे त्यांना वैद्यकीय शिक्षण सोडावे लागले. बाग उभी राहत असताना ते साध्या कामावर रुजू झाले, मजुरांवर देखरेख करू लागले आणि चढत चढत तिचे अधीक्षक झाले. कोणता प्राणी काय खातो, कशाने आजारी पडतो, त्याचा पिंजरा कसा ठेवावा याच्या त्यांनी बारकाईने नोंदी केल्या. त्यातूनच बंदिस्त प्राण्यांच्या व्यवस्थापनावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८९२ मध्ये निघाला आणि परदेशातल्या तज्ज्ञांनीही त्याची दखल घेतली. १८८९ मध्ये इथे सुमात्री गेंड्याचे पिल्लू जन्मले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. रोजच्या रोज लक्ष घालणारा माणूस जागेवर असला की किती घडते, ते सान्यालांच्या आयुष्यात दिसते.

आज याच बागेत नाताळपासून नववर्षापर्यंतचा आठवडा पाहावा. नाताळला बंगाली माणूस ‘बडोदिन’ म्हणतो आणि थंडीतल्या सहलीची त्याची पहिली आठवण बहुधा ‘चिडियाखान्या’ची असते. खिदिरपूर, मटियाबुर्ज, एकबालपूर, बेहाला इथून आणि लोकलने थेट दक्षिण २४ परगण्यांच्या खेड्यांतून माणसे येतात. डब्यात लुची आणि आलूदम असतो, पिशवीत दार्जिलिंगची संत्री आणि जयनगरचा मोआ. एकेका दिवसात पन्नास हजारांहून अधिक माणसे या आवारात शिरल्याचे प्रसंग आहेत. साडेसेहेचाळीस एकरांतून तळी, पिंजरे, खंदक आणि इमारती वजा केल्या, तर माणसांना उभे राहायला किती जागा उरते याचा हिशेब कोणीही करावा.

संध्याकाळी दारे बंद होतात तेव्हा मागे पत्रावळी, थर्माकोलच्या वाट्या, बाटल्या, फॉइल आणि चिप्सची पाकिटे राहतात. स्थानिक वर्तमानपत्रांत जवळजवळ दर वर्षी याची छायाचित्रे येतात आणि त्याखाली दर वर्षी एकच तक्रार असते की लोकांना नागरी जाणीव नाही.

ही तक्रार अर्धीच खरी आहे. उरलेला अर्धा भाग व्यवस्थेचा आहे आणि बोलायला हवे ते त्याबद्दल. चार तास रांगेत उभी राहून आत आलेली आई मुलाचे खरकटे हात कुठे धुणार? भरून वाहणाऱ्या कचरापेटीत पत्रावळ कशी टाकणार? देशभरात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि नळ्यांवर बंदी आहे. थर्माकोलचे सजावटीचे सामानही त्यात येते. महाराष्ट्राने तर त्याच्या चार वर्षे आधी, २०१८ मध्ये, आपली बंदी आणली होती. पण प्रवेशद्वाराबाहेर तेच सामान विकायला असेल आणि आत पिशव्या तपासणारी दोनच माणसे असतील, तर पन्नास हजार लोकांपुढे ती बंदी टिकत नाही.

प्राण्यांच्या बागेत या ढिलाईचा फटका सौंदर्यापुरता राहत नाही. इंडोनेशियातल्या सुराबाया प्राणिसंग्रहालयात मार्च २०१२ मध्ये क्लिवोन नावाचा जिराफ मेला. त्याच्या पोटात जवळजवळ वीस किलो प्लास्टिकचा गोळा सापडला. वर्षानुवर्षे प्रेक्षकांनी टाकलेल्या खाऊच्या वेष्टनांचा तो गोळा होता. त्या एका मृत्यूने साऱ्या जगाचे लक्ष त्या संग्रहालयाच्या दुरवस्थेकडे गेले. वेष्टने टाकणारे हात प्रेक्षकांचे होते, हे खरेच. पण ती त्या दिवशी, त्या तासाला उचलणारे हात तिथे नव्हते, म्हणून ती जिराफाच्या पोटात गेली.

सुरक्षेचेही तसेच. १ जानेवारी १९९६ रोजी, म्हणजे अलीपूरच्या सर्वाधिक गर्दीच्या दिवशी, नववर्षाचा हार घालायला काही जण ‘शिवा’ नावाच्या वाघाच्या खंदकात उतरले आणि त्यात एकाचा जीव गेला. मार्च २०२१ मध्ये एक माणूस सिंहाच्या आवारात शिरला आणि जखमी झाला. दोन्ही वेळी चर्चा झाली ती आत शिरणाऱ्याच्या वेडेपणाची. माणूस कठड्यावर चढतो, पाय पलीकडे टाकतो, तेवढ्या वेळात त्याला हाक मारून खाली उतरवणारा पहारेकरी तिथे का नव्हता, हा प्रश्न मागेच राहिला. पाहुण्याची काळजी घेणे आणि जागा स्वच्छ ठेवणे ही दोन वेगळी खाती नाहीत. दोन्हींना जागेवर माणूस लागतो.

‘गर्दी फार असते’ हे कारण मात्र मराठी वाचकाने तरी मान्य करू नये, कारण त्याच्याच ओळखीच्या गावांनी ते खोटे ठरवले आहे. होळकरांच्या इंदूरचेच पाहा. रंगपंचमीला राजवाड्याभोवती ‘गेर’, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते. लाखो लोक रस्त्यावर उतरतात, मिसाइलसारख्या यंत्रांतून गुलाल उडतो, पाण्याचे फवारे सुटतात आणि रस्ता, भिंती, दुकानांच्या पाट्या सगळे रंगून निघते. गेर पुढे सरकते तसे तिच्या मागून महापालिकेचे शेकडो सफाई कामगार झाडू, झाडूयंत्रे आणि पाण्याचे टँकर घेऊन उतरतात. काही तासांत, त्याच दुपारी, राजवाड्याचा परिसर पुन्हा चालण्याजोगा होतो. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचा पहिला क्रमांक सलग का टिकला, याचे एक उत्तर या दुपारी मिळते. इंदूरची माणसे जन्मतः शिस्तीची आहेत असे कोणी म्हणत नाही. गर्दीचा दिवस पंचांगात आधीच ठरलेला असतो आणि त्या दिवसाची माणसे आधीच नेमलेली असतात.

अलीपूरलाही १ जानेवारी अचानक येत नाही.

पंढरीच्या वाटेवरही हेच दिसले. वारीच्या मुक्कामाच्या गावांत लाखो माणसे एका रात्रीसाठी येत आणि सकाळी गावाच्या कडेला पाय ठेवायला जागा उरत नसे. ‘निर्मल वारी’ उपक्रमात मुक्कामाच्या ठिकाणी फिरती शौचालये उभी राहू लागली. ती वापरायला सांगणारे आणि साफ ठेवणारे स्वयंसेवक त्यांच्याजवळ उभे राहू लागले. वारकरी तेच होते, रस्ताही तोच होता. सोय मिळाल्यावर त्यातल्या असंख्य माणसांची वागणूक बदलली. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाबद्दल तर वेगळे सांगायलाच नको. तिथून परतलेला माणूस समाधीदर्शनाइतकाच तिथल्या स्वच्छतेबद्दल आणि ‘माऊली’ म्हणून वाट दाखवणाऱ्या सेवेकऱ्यांबद्दल बोलतो. संस्थानाचा कारभार पाहणारे शिवशंकरभाऊ पाटील ऑगस्ट २०२१ मध्ये गेले, तेव्हा उद्योजकांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळ्यांनी आठवण काढली ती त्यांनी लावलेल्या या शिस्तीची. सेवेकऱ्यांच्या पाळ्या ठरलेल्या, कामाची जागा ठरलेली आणि वरिष्ठाचे लक्षही ठरलेले. भक्तिभावाने माणसे येतात हे खरे, पण केवळ भक्तिभावाने फरशी पुसली जात नाही.

मुंबईची राणीची बाग या बाबतीत अधिक जवळची, कारण तीही सार्वजनिक, तीही एकोणिसाव्या शतकातली आणि तीही सामान्य माणसाची. १८६२ मध्ये सुरू झालेली ही बाग गेल्या पिढीने उतरत्या अवस्थेत पाहिली. रिकामे पिंजरे, गंजलेले गज आणि पाच रुपयांचे तिकीट. २०१६ मध्ये तिथे हम्बोल्ट पेंग्विन आले, त्यांतला एक काही महिन्यांतच दगावला आणि महापालिकेवर टीका झाली, ती रास्तही होती. ऑगस्ट २०१७ मध्ये तिकीट पाचवरून पन्नास रुपये झाले, चौघांच्या कुटुंबाला शंभर. त्यावरही ओरड झाली. तरीही लोक आले. १ जानेवारी २०२३ रोजी एका दिवसात तीस हजारांवर माणसे राणीच्या बागेत होती. याच आवारातले भाऊ दाजी लाड संग्रहालय २००३ मध्ये मोडकळीला आले होते. पाच वर्षे काम करून ते २००८ मध्ये पुन्हा उघडले, आणि त्या जीर्णोद्धाराला २००५ मध्येच युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला होता. महापालिका, वारसा जतन करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान एकत्र आले म्हणून ते घडले. उतरती कळा लागलेली सार्वजनिक जागा सावरता येते, हे राणीच्या बागेच्या भायखळ्यात सिद्ध झाले आहे. अलीपूरच्या कारभाऱ्यांनी त्यासाठी परदेशी अभ्यासदौरा काढण्याची गरज नाही.

परदेशी उदाहरण हवेच असेल तर कोपनहेगनचे टिवोली घ्यावे. १८४३ पासून चालू असलेल्या या उद्यानाला वॉल्ट डिस्ने यांनी १९५१ मध्ये भेट दिली. तिथली टापटीप आणि प्रसन्न वातावरण पाहून ते भारावले. तेव्हा अमेरिकेतल्या जत्रेच्या मैदानांची ख्याती उलटी होती. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडले तेव्हा त्यांनी दोन गोष्टींबाबत तडजोड नाकारली. सफाई दिवसभर, लोकांच्या डोळ्यांसमोर चालली पाहिजे आणि येणाऱ्याला ग्राहक न म्हणता पाहुणा म्हटले पाहिजे. नोकरीवर येणाऱ्या प्रत्येकासाठी त्यांनी प्रशिक्षण सुरू केले, झाडूवाल्यासाठीसुद्धा. कारण रस्ता कुठे आणि स्वच्छतागृह कुठे, हे पाहुणा झाडूवाल्यालाच विचारतो. डिस्नेलँडचे तिकीट आज सामान्य अमेरिकन कुटुंबालाही जड जाते. त्यामुळे त्याचे सगळेच अनुकरण करण्यासारखे नाही. झाडूवाल्याचे प्रशिक्षण मात्र स्वस्त आहे आणि खिदिरपूरच्या शेजारीही देता येते.

खिदिरपूर आणि मटियाबुर्ज ही गोदी कामगारांची, शिंप्यांची, हातगाडीवाल्यांची वस्ती. सॉल्ट लेकचे निक्को पार्क हे करमणूक उद्यान १९९१ पासून आहे, पण पाच-सहा जणांच्या कुटुंबाने तिथे एक दिवस घालवायचा म्हणजे आठवड्याची कमाई जाते. अशा कुटुंबासाठी अलीपूरची बाग हेच थीम पार्क आहे. ते वर्षातून एकदा, सगळ्यात चांगले कपडे घालून येते. पूर्वी खिदिरपूर-एस्प्लनेड ट्राम मैदानाच्या कडेकडेने जायची आणि ती सवारी हाही सहलीचाच भाग असे. मे २०२० च्या अम्फान वादळात त्या मार्गाच्या तारा कोसळल्या आणि ती ट्राम पुन्हा धावली नाही. ज्याच्याजवळ एवढाच एक दिवस आहे, त्याच्या वाट्याला येणारी घाण त्याने कमी पैसे दिले म्हणून क्षम्य ठरत नाही. स्वस्त तिकीट हा सरकारचा निर्णय आहे आणि तो योग्य आहे. त्याची भरपाई सरकारनेच करायची असते, शौचालयाची दुर्गंधी सोसून पाहुण्याने नव्हे.

यात सर्वाधिक सोसतात त्या बायका. पुरुष आडोसा शोधतात, बायका पाणी पिणेच टाळतात. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळीने हा विषय उघडपणे मांडला. पुरुषांना मोफत असलेल्या सोयीसाठी बायकांकडून पैसे का घेता, असा थेट सवाल महापालिकेला केला. थंडीच्या दिवशी सहा-सात तास बागेत काढणाऱ्या गरोदर बाईला, म्हाताऱ्या आजीला, लहान मुलीला हा सवाल रांगेत उभे राहून रोज पडतो. पुरुषांइतक्याच जागा बायकांना देणे म्हणजे समानता नव्हे. त्यांना वेळ जास्त लागतो, सोबत मूल असते, म्हणून जागा जास्तच हव्यात.

कायदा याबद्दल मुका नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ मध्ये स्थापन झाले. देशातल्या प्राणिसंग्रहालयांना मान्यता देताना जे निकष लावले जातात, त्यांत प्रेक्षकांसाठी सोयीच्या ठिकाणी शौचालये, विसाव्याच्या जागा आणि पिण्याचे पाणी पुरेशा प्रमाणात असावे असे लिहिले आहे. सर्पदंशावरच्या प्रतिविषासह प्रथमोपचाराची व्यवस्था आणि चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी वाट यांचाही त्यांत उल्लेख आहे. आठवड्यातून एक दिवस बाग बंद ठेवणेही बंधनकारक आहे. अलीपूरला तो गुरुवार असतो, राणीच्या बागेत बुधवार. अडचण ‘पुरेशा’ या शब्दात आहे. पाहणीचे पथक साधारण दिवशी येते आणि साधारण दिवशी शौचालये पुरेशी दिसतात. १ जानेवारीला दुपारी चार वाजता त्याच शौचालयांत डोकावले तर मान्यतेचा अहवाल निराळा लिहावा लागेल.

दुसरी अडचण नेमणुकीची. सफाई म्हटली की सरकारी कचेऱ्यांना कंत्राट आठवते. कमी बोलीच्या कंत्राटदाराला काम मिळते, तो कमी माणसांत ते उरकतो, आणि त्या माणसांना ना हातमोजे, ना गमबूट, ना सुट्टीच्या दिवशी काम केल्याचा जादा पगार. सगळे शहर सुट्टीवर असते त्याच दिवशी त्यांना सर्वाधिक राबावे लागते. त्यांनी हसतमुखाने पाहुण्याला वाट दाखवावी ही अपेक्षा ठेवायची, तर आधी त्यांच्याशी नीट वागायला हवे. शेगावचा सेवेकरी नम्र असतो कारण संस्थान त्याला मान देते. कंत्राटी कामगाराला ना नावाची पाटी, ना बसायची जागा, मग त्याने तुसडेपणा केला तर दोष एकट्या त्याचा कसा?

अलीपूरला करण्यासारख्या गोष्टी महागड्या नाहीत. रोजच्या प्रवेशाला आकड्याची मर्यादा घालावी आणि तिकिटे वेळेनुसार आधी द्यावीत. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी खिडकीवर वेगळा वाटा राखावा, नाहीतर खिदिरपूरचा हमाल पुन्हा बाहेरच राहील. बाटलीवर अनामत घ्यावी आणि परत आणल्यावर द्यावी. तमिळनाडूने निलगिरीत मद्याच्या बाटल्यांवर दहा रुपये अनामत लावून २०२२ पासून हे करून दाखवले आहे, आणि जंगलात काचा पडणे त्यामुळे कमी झाले. जेवणासाठी पिंजऱ्यांपासून दूर वेगळी जागा आखून तिथे नळ आणि मोठे पिंप ठेवावेत. नाताळ ते नववर्ष या आठवड्यापुरती फिरती स्त्री-शौचालये भाड्याने आणावीत.

आणि सगळ्यात आधी एक कागद दारावर लावावा. आज आत किती माणसे सोडली, आज सफाईला किती कामगार आहेत, पहाऱ्यावर किती आहेत, शौचालये शेवटची किती वाजता धुतली आणि तक्रार कोणाकडे करायची, एवढेच त्यावर रोज लिहिलेले असावे. राणीच्या बागेनेही तो लावावा, पुण्याजवळच्या कात्रजच्या प्राणिउद्यानानेही लावावा. पश्चिम बंगालच्या वनखात्याला यासाठी नवे अंदाजपत्रक लागत नाही. आकडा दारावर आला की कंत्राटदाराला माणसे कमी पाठवता येणार नाहीत, आणि येत्या १ जानेवारीला तो कागद वाचून आत जाणाऱ्या खिदिरपूरच्या कुटुंबाला आपल्या तिकिटात काय काय मिळायला हवे हे माहीत असेल.